आपल्या माळाचं सोनं

सोजरबाईला माळावर राखणीला मी आणली. मंडळाच्या दप्तरात सही आमच्या ह्यांची आहे, कारण हे सेक्रेटरी. पण माणूस पारखायचं काम ह्यांचं नव्हे. ह्यांना सूत कळतं. बत्तीस नंबरचं का चाळीसचं ते डोळे मिटून, बोटानं चोळून सांगतील. माणसाच्या बाबतीत मात्र कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा ह्यांना रोज गंडवतो आणि हे रोज त्याच्याकडंच जातात.

सोजर केम गावाकडची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गाव सोडलं, आणि नवरा ऊसतोडीला गेला तो तिकडचाच झाला. सोलापूरला भवानी पेठेत आमच्या दुकानात ती सुताचे गठ्ठे उचलायला यायची. एकदा एका गाडीवाल्यानं दारासमोर बैलगाडी आडवी लावली. हे आतून ‘अहो, जरा’, ‘अहो, जरा’ करत बसले होते. सोजर बाहेर गेली आणि तिनं तोंड उघडलं. गाडीवाला तर हललाच, पण समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलेली दोन माणसंही उठून गेली. तेव्हाच मी मनात म्हटलं, हिला गठ्ठे उचलायला लावणं म्हणजे तलवारीनं भाजी चिरणं.

त्याच सुमारास पेठेतल्या मोठ्या माणसांना झाडांचा पुळका आला होता. दुष्काळात सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं, त्यामुळं पुळका खोटा होता असं मी म्हणणार नाही. शरणप्पा वकील अध्यक्ष झाले, भुसारवाले मल्लप्पा खजिनदार, आणि आमचे चनबसप्पा सेक्रेटरी. नाव ठेवलं ‘हिरवा माळ मंडळ’. अक्कलकोट रस्त्याला एक उघडाबोडका माळ सरकारकडून मागून घेतला. मुंबईच्या एका ट्रस्टनं पैसा दिला. खड्डे, बांध, लावणी, सगळं काम दुष्काळानं उठवलेल्या बायकांना द्यायचं आणि तीन वर्षांनी काय साधलं त्याचा अहवाल द्यायचा, अशी अट होती. बायकांना काम मिळालं, हे खरं. निदान तेवढं तरी आम्ही चांगलं केलं.

कडुनिंब पहिल्याच वर्षी शेरडांनी फस्त केला. करंज निम्मा वाळला. टिकला तो आपटा. चिवट झाड. पण चिवट म्हणून सगळं आपसूक होत नाही. जुन्या खाणीत साचलेलं पाणी सोजर उन्हाळाभर डोक्यावरून आणून एकेका झाडाला घालायची. माळाच्या कडेला तिला पत्र्याची खोपटी बांधून दिली होती. तिच्या शिव्यांना भिऊन शेरडं राखणाऱ्या बायका लांबून वळसा घालून जायच्या. एक गाढव तर म्हणे तिचा आवाज आला की आपणहून मागं फिरायचं. त्या वर्षी पाऊस बरा झाला आणि आपटा कमरेच्या वर गेला. श्रावणात मी बघायला गेले होते. जोडपानं नुसती लवलवत होती. सोजरनं मला एकाही झाडाला हात लावू दिला नाही. “लांबनं बगा, अक्का,” म्हणाली. मला तेव्हा लई कौतुक वाटलं.

मुंबईहून कळवलं की ट्रस्टच्या बाई दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार. माळ डोळ्यांनी बघणार, अहवाल तिथंच ऐकणार. त्यांचं समाधान झालं तर शेजारचा माळही हाती घ्यायचा, राखण चालू, बायकांचं काम चालू. नाही झालं तर सगळं बंद. म्हणजे सोजरची खोपटी आणि पोटापाण्याचं त्या एका दिवसावर आलं होतं. ती मला म्हणालीसुद्धा, “बाई चांगली हाय का वो?” मी म्हटलं, “बाई कशीही असू दे. झाडं चांगली आहेत की.”

घटस्थापनेच्या दिवशी मंडळाची सभा आमच्याच घरी झाली. आमचे हे सभेत बोलत नाहीत, लिहून घेतात. त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे. उभे राहून म्हणाले, “यंदा बाजारातलं सोनं नको. खेड्यापाड्यांतली झाडं ओरबाडून आणतात ते. आपण आपल्या माळाचं सोनं वाटू. प्रत्येक सभासदानं फक्त एक पान घ्यायचं.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वकील म्हणाले, वा, चनबसप्पा. मी आतून चहा घेऊन आले होते, माझाही ऊर भरून आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्यासाठी टाळ्या वाजलेल्या मी पहिल्यांदा ऐकल्या.

आता दसरा आमच्यात कसा असतो ते सांगायला पाहिजे. आम्ही लिंगायत, आमच्यात बन्नीचा, म्हणजे शमीचा मान. पण सोलापुरात राहून आपट्याशिवाय चालत नाही. पानं हातात ठेवायची आणि म्हणायचं, “बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण”. बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. देवाला पान, तराजूला पान, गल्ल्याला पान, वहीला पान. मग थोरामोठ्यांना, शेजाऱ्यांना, व्याह्यांना, आणि वर्षभर ज्यांच्याशी अबोला आहे त्यांनाही. आणि कुणी कुणाला एकेक पान मोजून देत नाही. मूठभर द्यायचं असतं. एक पान हातावर ठेवलं तर समोरचा विचारेल, काय रे, दिवाळं निघालं काय?

दसऱ्याच्या सकाळी हे माळावरून आले ते पिशवी भरून. मी म्हटलं, “एक पान म्हणाला होतात ना?”

“एका पानानं भागतं होय घरात?” हे म्हणाले. “एक फांदी घेतली. फांदीनं काय होतंय, तिथं इतकी झाडं आहेत.”

मी हसले. हसले आणि फांदीची पानं खुडायला बसले. खोटं कशाला सांगू, आनंदानं खुडली. तबकात रचली, तराजूवर ठेवली, संध्याकाळी जो येईल त्याला म्हणत होते, “घ्या, आपल्या माळाचं आहे.” येणारेही त्यांच्या हातातलं पुढं करून म्हणत होते, “हेही माळाचंच.” वकिलांच्या सुनेनं दिलं ते माळाचं. मल्लप्पांच्या घरी गेले तर ओसरीवर सतरंजी अंथरून नुसता ढीग, त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांना पुरेल एवढा. तेही माळाचं. मला तिथंच कळायला हवं होतं. पण मला उलट बरं वाटलं. वाटलं, ह्यांचा शब्द पेठेनं किती मानला.

दुसऱ्या दिवशी मुंबईची गाडी वेळेवर आली. आणीबाणीत गाड्या वेळेवर यायच्या, नाहीतर कदाचित आमच्यातलं कुणी आधी माळावर जाऊन बघून आलं असतं. बाई उतरल्या. साठीच्या, पारशी, पांढरी साडी, मराठी अडखळत पण समजण्यासारखं. आम्ही सगळे ओळीनं उभे. प्रत्येकानं त्यांच्या हातात सोनं ठेवलं. ओंजळ भरली, मग पर्स भरली, मग त्यांनी पदर पुढं केला. वकिलांनी इंग्रजीत सांगितलं की हे आमच्याच झाडांचं आहे, आपल्या ट्रस्टच्या कृपेनं उगवलेलं. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांचे डोळे ओले झाले.

पुढं वकिलांची मोटार, मागं आमच्या दोन टांग्यांत बाकीचे, मांडीवर मी जेवणाचा डबा घेऊन. माळावर सकाळीच मांडववाल्यानं छोटा मांडव टाकला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. टांगा वळला आणि मला आधी वाटलं की हा दुसराच माळ आहे.

पान राहिलं नव्हतं. पानाचं सोडा, फांद्या राहिल्या नव्हत्या. ओळीनं नुसते बुडखे उभे. काही मोडून साल सोलून लोंबत होते. काही मुळासकट वाकवलेले, फांदी तुटेना म्हणून ओढताना. सबंध माळावर टाचांनी तुडवलेली माती. मी टांग्यातून उतरले आणि डबा हातातच राहिला.

मग मी आमच्या लोकांकडं बघितलं. ते माळाकडं बघत नव्हते, एकमेकांकडं बघत होते. तो क्षण मी विसरणार नाही. प्रत्येकाला वाटलं होतं, मी घेतली ती एकच फांदी. ह्यांनी एक घेतली. वकिलांच्या घरी दोन लागल्या, नात्यातल्यांना चार. सभासदांच्या शेजाऱ्यांनी ऐकलं की माळाचं सोनं फुकट मिळतंय, तेही आले. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ना, ते आम्ही नटूनथटून, नवीन कपडे घालून खाल्लं होतं. 

सोजर खोपटीच्या दारात उभी होती. डोक्यावरून पदर, हात खाली. तिला इतकी गप्प मी कधी बघितली नव्हती.

बाई खुर्चीवर बसल्या. काही बोलल्या नाहीत. सभा सुरू झाली, कारण सुरू करण्याशिवाय कुणाला दुसरं काही सुचेना. आमचे हे अहवाल घेऊन उभे राहिले. तो अहवाल ह्यांनी नवरात्राआधी लिहिला होता, चार वेळा मला वाचून दाखवला होता. हातात दुसरा कागद नव्हता आणि कागदाशिवाय ह्यांना बोलता येत नाही. ह्यांनी वाचायला सुरुवात केली. “सन्माननीय पाहुणे, आपल्यासमोर आज जी वनराई डोलत आहे.”

मी मान खाली घातली. हे वाचतच होते. “आपट्याची रोपे पानांनी डवरली असून, पक्षी वस्तीस येऊ लागले आहेत. स्थानिक नागरिकांमध्ये वृक्षांविषयी आपुलकी निर्माण झाली आहे.” ह्यांचा आवाज बारीक होत गेला, पण थांबत नव्हता. पाठीमागं ते बुडखे उभे. मांडववाल्याचा माणूस कडेला बसला होता, तो आधी हसला आणि मग बाईंकडं बघून त्यानं तोंडाला रुमाल लावला. मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं, मला नको, निदान ह्यांना तरी.

शेवटी वकील उठले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी ह्यांना खाली बसवलं. वकील मोठे हुशार, झाकली मूठ कशी ठेवायची ते त्यांना चांगलं कळतं. म्हणाले, “मॅडम, सांगायला अत्यंत वाईट वाटतं. सणाचा फायदा घेऊन चोरट्यांनी रात्रीत सगळा माळ लुटला. अहवाल आधी लिहिला होता, आमचे सेक्रेटरी भावनेच्या भरात तोच वाचून गेले.”

बाई म्हणाल्या, “राखण होती ना?”

वकिलांनी सोजरला हाक मारली. ती आली. सगळ्यांसमोर उभी राहिली. वकिलांनी कोर्टात विचारतात तसं विचारलं, “चोर आले होते ना?”

सोजर एकदा सगळ्यांवरून नजर फिरवून खाली बघू लागली. “व्हय,” म्हणाली.

“आणि तू काय करत होतीस?”

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तेव्हा मल्लप्पा बसल्या जागेवरून म्हणाले, “काय करणार? हिनंच बाजारात नेऊन विकलं असेल. आपट्याला दसऱ्याला भाव असतो.”

ज्यांच्या ओसरीवर सतरंजीभर ढीग मी हातानं वर-खाली केला होता, ते मल्लप्पा. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात शेजारून हे अगदी हळू म्हणाले, “सुम्मनिरू.” गप्प राहा. बाईंना कळू नये म्हणून कानडीत. बाईंनी नेमकं माझ्याकडं बघितलं. बायकांत मीच जवळ होते. म्हणाल्या, “तुम्ही ह्या बाईंना ओळखता का? त्या असं करतील का?”

आणि मी डब्याच्या झाकणाकडं बघत राहिले. आपलेच दात, आपलेच ओठ, असं मनात म्हणाले. नवऱ्याची अब्रू, पेठेची अब्रू, मंडळाची अब्रू. एवढ्या सगळ्यांच्या अब्रू मी त्या डब्याबरोबर मांडीवर धरून बसले होते. सोजरनं माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं. मग बघायचं सोडून दिलं.

बाई म्हणाल्या, “पुढची मदत हवी असेल तर आधी राखण बदला. मी तसं लिहीन.” वकील लगेच म्हणाले, “आजच बदलतो.” सगळ्यांच्या जिवात जीव आला. मी बघितलं ते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. माझ्याही छातीवरचं ओझं जरा हललं होतं. त्याचीच मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

जेवायला बाई आमच्या घरी. माळावर कुणाला घास गिळवला नसता, म्हणून डबा तसाच घरी आणला. मी होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, केल्या होत्या, ज्वारीची पातळ भाकरी, शेंगाची चटणी, भरली वांगी. बाई मांडी घालून पाटावर बसल्या, त्यांच्या गुडघ्याला त्रास होत होता तरी. शेजारी हे. वकील आणि मल्लप्पा आपापल्या घरी गेले होते, काम आहे म्हणून. मी वाढत होते. देवघर समोरच. देवापुढं कालचं सोनं तसंच होतं, कडेनं वाळायला लागलेलं. बाईंचं लक्ष तिकडं गेलं. सहज बघितलं असेल. पण मी तुपाचा चमचा परत वाटीत ठेवला.

“बाई,” मी म्हटलं, “ती पानं चोरांनी नाही नेली. आम्ही नेली.”

ह्यांनी घास ताटात ठेवला. मी ह्यांच्याकडं बघितलंच नाही, बघितलं असतं तर थांबले असते. सगळं सांगितलं. सभेतलं सांगितलं, टाळ्यांचं सांगितलं, पिशवीचं सांगितलं, मी बसून खुडली तेही सांगितलं. मल्लप्पांच्या सतरंजीचंही सांगितलं. “सोजर नसती तर तुम्हाला दाखवायला बुडखासुद्धा नसता,” मी म्हटलं. “आम्हीच तिच्यावर आळ येऊ दिला. मी समोर बसून येऊ दिला.”

बाईंनी ह्यांना विचारलं, “खरं?”

हे ताटातल्या चटणीकडं बघत होते. मग म्हणाले, “सुरुवात माझी. पहिली फांदी मी मोडली.” आणि ह्यांनी डोळ्याला उपरण्याचं टोक लावलं. इतक्या वर्षांत मी ह्यांना एकदाच रडताना बघितलं होतं, सासूबाई गेल्या तेव्हा.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, “आज सकाळी स्टेशनवर मला फार आनंद झाला होता.” पुन्हा जेवायला लागल्या. हात धुताना विचारलं, “झाडं फुटतील का?” मी म्हटलं, फुटतील, आपटा चिवट आहे, नुसती राखण हवी. तेव्हा त्या म्हणाल्या की दुसरा माळ आता विसरा, झालं तसंच मी ट्रस्टला सांगणार. पण राखणीचा पगार आणखी वर्षभर येईल, सोजरबाईच्याच नावानं, आणि तो मंडळाच्या हातून जाणार नाही. वकिलांना निरोप पाठवून त्यांनी तो निर्णय कळवला. वकील काही स्टेशनवर पोचवायला आले नाहीत.

बाईंना गाडीत बसवून मी स्टेशनवरून तशीच माळाकडं निघाले. टांगा नाही केला. ह्यांनी विचारलं, येऊ का मी? मी म्हटलं, आज नको. चालताना खरं सांगते, पावलं हलकी पडत होती. मनात म्हणत होते, केलं बाई एकदाचं. सोजरचं काम राहिलं, खोपटी राहिली. आता तिला सांगते, ती रडेल, मीही रडेन, संपेल. माणूस किती लवकर स्वतःला माफ करतं.

सोजरनं गाठोडं बांधलं होतं. घागर पालथी घालून त्यावर बसली होती. ऊन उतरायला लागलं होतं. मी धापा टाकत सगळं सांगितलं. बाईंना खरं काय ते सांगितलं, पगार तुझ्या नावानं येणार, कुठं जायची गरज नाही.

तिनं ऐकून घेतलं. “कुटं सांगितलं?” म्हणाली.

“घरी. जेवताना.”

“कोण हुतं तितं?”

“बाई आणि हे.”

“आणि हितं मला चोर म्हणलं तवा कोण हुतं?”

 कोण होतं हे तिला माहीत होतं. मांडववाला होता, टांगेवाले होते, बांधावर शेरडं राखणाऱ्या बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. पेठेतली सगळी मोठी माणसं होती.

“पर तू ‘व्हय’ का म्हणालीस?” मी विचारलं. “चोर आले म्हणून?”

“मंग काय म्हणू? न्हाय म्हणलं तर कोण आलं हुतं ते सांगाय लागतंय. समदे समोर खुर्च्यांवर बसल्याले.” तिनं बुडख्यांकडं हात केला. “पैलं तुमचं मालक आलं. फांदी तोडू का म्हणले. धनी इचारतोय, सण हाय, सोनं मागतोय. सोन्याला न्हाय कसं म्हणायचं? मंग दुसरं आलं, म्हणलं, सेक्रेटरीला दिलंस आन् मला न्हाय? मंग रांगच लागली. मी खोपटीत जाऊन बसले, अक्का. कान झाकून बसले.”

ज्या बाईच्या आवाजाला भिऊन गाढव मागं फिरायचं, ती कान झाकून बसली होती. मी तिथंच मातीत बसले. पातळ खराब होईल हे ध्यानातही आलं नाही.

“ऱ्हा गं,” मी म्हटलं. “माझ्यासाठी राहा.”

“ऱ्हाऊन काय करू? शेरडं हाकलली, गुरं हाकलली. मालकाला हाकलायचं मला येत न्हाय. फुडच्या दसऱ्याला तुमी परत येनार.”

“येणार नाही.”

“येनार,” ती म्हणाली. तिला राग आला नव्हता, हे वाईट होतं. “एक पान म्हणून येनार.”

मी गाठोड्यावर हात ठेवला. म्हटलं, “मग हाकलायला शिक. मला हाकल. आत्ता.”

ती माझ्याकडं बघत राहिली. थट्टा करतेय का खरं, ते बघत असावी. मीही नजर हलवली नाही. मग ती घागरीवरून उठली, दाराशी टेकवलेली काठी घेतली.

“उठा,” म्हणाली.

मी उठले.

“माळावरनं बाहेर व्हा.”

मी चालू लागले. पहिल्यांदा आवाज बारीक होता तिचा, लाजल्यासारखा. चार पावलांवर तो फुटला. त्यानंतर जे काही ती बोलली ते मी लिहू शकत नाही आणि सांगूही शकत नाही. माझं खानदान काढलं, पेठ काढली, मंडळ काढलं, ह्यांच्या पिशवीचा उद्धार केला. काठी माझ्या मागं जमिनीवर आपटत होती, एकदा तर टाचेला लागली. मला वाटलं होतं मी सांगितलं म्हणून ती हाकलतेय. अर्ध्या माळावर कळलं की ती खरोखरच हाकलतेय. मी पदर आवळून जवळजवळ पळायला लागले. एक चप्पल मातीत निघाली, ती उचलायला थांबायची छाती झाली नाही.

“परत हितं दिसलीस तर तंगडं मोडीन,” ती बांधावरून ओरडली. मला ‘दिसलीस’ म्हणाली. इतकी वर्षं ‘अक्का, तुमी’ म्हणणारी.

रस्त्यावर शेरडं घेऊन बायका चालल्या होत्या. पलीकडून पेठेतलीच दोन माणसं सायकली हातात धरून येत होती. सगळे थांबले. सुतवाल्या चनबसप्पांची बायको, एका पायात चप्पल, दम लागलेला, मागं काठी घेतलेली राखणदारीण. एका बाईनं विचारलं, “काय झालं वो अक्का? काय केलं तिनं तुमाला?”

हसून म्हणता आलं असतं, काही नाही गं, आमची गंमत चालली होती. तोंडाशी आलंही होतं ते. सोजर बांधावर उभी होती आणि ऐकत होती.

“तिनं काही नाही केलं,” मी म्हटलं.  “आपटा आम्ही चोरला. मंडळातल्यांनी. मीही त्यातली. म्हणून हाकलतेय.”

सायकलवाल्यांतला एकजण मल्लप्पांच्या दुकानात कामाला होता. तो खाली बघायला लागला.  बायकांनी शेरडं रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला घेतली आणि माळाला वळसा घालून गेल्या. मीही त्यांच्या मागून, उघड्या पायानं, पलीकडच्या कडेनं चालत पेठेत आले.